अनागतविधाता

तळ्यांतील तीन माशांची जुनी गोष्ट लहानपणीं ज्याच्या कानांवर पडली नाहीं असा मराठी माणूस विरळा. तळ्याच्या कांठावरून जातां जातां कोळी बोलतात कीं, उद्यां सकाळीं येथें जाळें टाकावें. अनागतविधाता नांवाचा पहिला मासा तें ऐकून त्याच रात्रीं तळें सोडतो. प्रत्युत्पन्नमति हा दुसरा मासा प्रसंग येईल तेव्हां पाहून घेऊं म्हणून थांबतो आणि ऐन वेळीं मेल्याचें सोंग घेऊन निसटतो. तिसरा यद्भविष्य, जें व्हावयाचें तें होईल या समाधानांत राहतो आणि जाळ्यांत सांपडून मरतो.

गोष्टीचें तात्पर्य सर्वांना पाठ असतें. परंतु गोष्ट सांगणारानें तींत एक मोठी सोय करून ठेवली आहे, ती सहसा ध्यानांत येत नाहीं. उद्यां जाळें पडणार हें कोळ्यांनीं स्वतःच सांगून टाकलें आहे. राष्ट्रांच्या आणि व्यापाराच्या तळ्याकांठीं इतके प्रामाणिक कोळी क्वचितच भेटतात. तेथें एक म्हणतो उद्यां येऊं, दुसरा म्हणतो पुढल्या वर्षीं, आणि तिसरा कांहींहि न बोलतां तळ्याचें पाणीच दुसरीकडे वळवितो. अशा वेळीं अनागतविधात्यानें काय करावें ? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला, आणि त्या प्रयत्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

भविष्य जाणण्याची ओढ मनुष्याला पुरातन काळापासून आहे. राजे ज्योतिष्यांना विचारीत, व्यापारी शकुन पाहत, शेतकरी नक्षत्रें आणि वाऱ्याची दिशा यांवरून पावसाचा अदमास बांधीत. अर्वाचीन काळांत ज्योतिष्याची जागा आंकड्यांनीं घेतली. मागील दहा वर्षांचे आंकडे कागदावर मांडावे, त्यांमधून एक रेघ ओढावी आणि पट्टी ठेवून तीच रेघ पुढें वाढवावी, म्हणजे पुढील दहा वर्षें हातीं आलीं, असें मानण्याची रीत सरकारी खात्यांत आणि मोठ्या पेढ्यांत रूढ झाली. जोंवर काळ सरळ चालतो तोंवर या रीतीइतकी स्वस्त आणि सोयीची दुसरी रीत नाहीं. तिचा दोष एवढाच कीं, काळ वळण घेतो त्याच दिवशीं ती दगा देते. आणि तिची खरी गरज नेमकी त्याच दिवशीं असते.

हा दोष तीव्रतेनें जाणवला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ सालीं हिरोशिमा आणि नागासाकी येथें अणुबाँब पडले आणि युद्धशास्त्राचा पुष्कळसा पूर्वानुभव एकाएकीं निकामी झाला. दोन्ही पक्षांच्या हातीं अण्वस्त्रें असतांना युद्ध कसें होईल, याचे मागील आंकडे कोठेंच नव्हते. कारण तसें युद्ध कधीं झालेंच नव्हतें. अमेरिकन विमानदलाच्या आश्रयानें सुरू झालेली आणि १९४८ सालीं स्वतंत्र झालेली ‘रँड’ ही संस्था कॅलिफोर्नियांत सांता मोनिका येथें याच कोड्यावर विचार करीत होती. तेथें दोन रीती जन्मास आल्या.

पहिली रीत ओलाफ हेल्मर, नॉर्मन डॉल्की आदि विद्वानांची. प्राचीन ग्रीसमधील कौल लावण्याच्या प्रसिद्ध स्थानावरून तिला ‘डेल्फी’ असें नांव पडलें. तज्ज्ञांना एका खोलींत बसविलें म्हणजे मोठ्या आवाजाचा किंवा मोठ्या हुद्द्याचा मनुष्य इतरांचीं मतें दाबून टाकतो. म्हणून प्रत्येकाकडे प्रश्न स्वतंत्रपणें पाठवावे, आलेलीं सर्व उत्तरें कोणाचें नांव न कळवितां पुन्हां प्रत्येकास दाखवावीं, आणि तीं पाहून तो आपलें मत बदलूं इच्छितो काय हें विचारावें, अशी ही योजना. दुसरी रीत हर्मन कान यांची. एकच भविष्य वर्तविण्याऐवजीं, अमुक घडलें तर पुढें काय, आणि त्यानंतर काय, अशीं सुसंगत कथानकें ते रचीत. त्यांना त्यांनीं चित्रपटांच्या धंद्यांतील ‘सिनारिओ’ हाच शब्द लावला. हॉलिवुड तेथून फार दूर नव्हतें. १९६० सालीं अणुयुद्धावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां कोट्यवधि मृत्यूंचा हिशेब इतक्या थंडपणें मांडणाऱ्या या माणसाचा अनेकांना संताप आला. कान यांचें म्हणणें असें कीं, एखाद्या संकटाचा विचार करावयाचें टाळल्यानें तें संकट टळत नाहीं.

त्याच सुमारास फ्रान्समध्यें गास्तों बर्जे या तत्त्वज्ञानें वेगळ्या बाजूनें हाच विषय हातीं घेतला. १९५७ सालीं त्यांनीं पॅरिसमध्यें भविष्यविचारासाठीं एक केंद्र स्थापन केलें. त्यांचा एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. मोटार जितकी वेगानें जात असेल तितका तिच्या दिव्यांचा झोत लांबवर पडला पाहिजे. जग हळू चालत होतें तेव्हां वाडवडिलांचा अनुभव पुरत असे. जगाचा वेग वाढला तशी पुढें पाहण्याची गरजहि वाढली. बर्जे यांच्या विचारांत आणखी एक गोष्ट होती. भविष्य हें आधींच लिहून ठेवलेलें पुस्तक नसून तें कांहीं अंशीं माणसांच्या निवडीनें घडतें. म्हणून भविष्याचा अभ्यास हा कृतीसाठीं करावयाचा, कुतूहलासाठीं नव्हे.

या दोन विचारधारा जेथें एकत्र आल्या तें स्थान अनपेक्षित होतें. तें एखादें विद्यापीठ नव्हे, सरकारहि नव्हे, तर रॉयल डच शेल ही तेलाचा व्यापार करणारी ब्रिटिश-डच कंपनी. १९६० नंतरच्या दशकांत तेलाच्या धंद्याइतका सरळ चालणारा धंदा क्वचितच असेल. पश्चिमेकडील देशांची तेलाची मागणी वर्षामागून वर्ष वाढत होती, आणि सौदी अरबस्तानच्या तेलाचा जाहीर भाव त्या संबंध दशकांत पिंपामागें १.८० डॉलरच्या आसपास स्थिर होता. पट्टी ठेवून रेघ वाढविण्यास याहून अनुकूल काळ नाहीं, आणि शेलच्या कचेऱ्यांत मोठमोठ्या यंत्रणा तेंच काम करीत होत्या.

लंडनच्या कचेरींत टेड न्यूलंड यांच्यासारख्या कांहीं थोड्या लोकांना मात्र ही रेघ कोठें तरी मोडणार असें वाटूं लागलें. १९७१ सालीं त्यांच्या जोडीला पॅरिसहून पिएर वाक आले. वाक हे फ्रेंच. पौर्वात्य अध्यात्माची आवड असलेले आणि भारताचा प्रवास केलेले. त्यांचा पहिला प्रयत्न फसला. त्यांनीं वरिष्ठांपुढें अनिश्चिततांची यादी ठेवली : भाव चढेल किंवा उतरेल, मागणी वाढेल किंवा घटेल. वरिष्ठांनीं ती शांतपणें ऐकली आणि बाजूला ठेवली. जग अनिश्चित आहे हें त्यांना ठाऊकच होतें. त्यावर काय करावें हें त्या यादींत नव्हतें.

या अपयशांतून वाक यांनीं जो धडा घेतला तो या सबंध विद्येचा गाभा होय. भविष्यांत सर्वच अनिश्चित नसतें. कांहीं गोष्टी घडून गेलेल्या असतात, फक्त त्यांचे परिणाम अद्याप येऊन पोहोंचलेले नसतात. हें समजाविण्यासाठीं त्यांनीं गंगेचा दाखला दिला. हिमालयांत गंगेच्या उगमाकडील मुलुखांत अतिवृष्टि झाली, तर थोड्या दिवसांत हृषीकेशला, पुढें कांहीं दिवसांनीं प्रयागला आणि नंतर काशीला पूर येणार, हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. काशीच्या घाटावर तेव्हां ऊन असेल, पाणी संथ असेल, आणि तरीहि पूर निघालेला असेल. भविष्याचा अभ्यास करणारानें प्रथम पाहावयाचें तें हें कीं, पाऊस कोठें पडून गेला आहे. जें निश्चित आहे तें वेगळें काढावें, आणि जें खरोखर अनिश्चित आहे त्याचींच निरनिराळीं कथानकें रचावीं.

या दृष्टीनें पाहतां तेलाच्या जगांत पाऊस केव्हांच पडून गेला होता. अमेरिकेंतील तेलाचें उत्पादन १९७० सालीं शिखरास पोहोंचून उतरूं लागलें होतें, म्हणजे अडचणीच्या वेळीं उपयोगी पडणारा राखीव सांठा संपत आला होता. १९६० सालीं बगदाद येथें इराण, इराक, कुवेत, सौदी अरबस्तान आणि व्हेनेझुएला यांनीं ओपेक ही संघटना स्थापिली होती, आणि १९७१ च्या तेहरान करारानें तिचें सामर्थ्य दिसून आलें होतें. वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मग एकेका देशाच्या जागीं स्वतःला कल्पून पाहिलें. इराणची लोकवस्ती मोठी, गरजा मोठ्या आणि तेल मर्यादित. त्याला चढा भाव हवा. सौदी अरबस्तानची लोकवस्ती थोडी. मिळालेला पैसाच त्याला पुरता खर्च करतां येत नव्हता. अशा देशानें आपलें तेल अधिकाधिक वेगानें कां उपसावें ? बँकेंतील डॉलरपेक्षां जमिनींतील तेल त्याला अधिक फायद्याचें. ज्या दिशेनें पश्चिमेचे हिशेब चालले होते, त्या दिशेनें जाण्यांत उत्पादक देशांचें हितच नव्हतें.

१९७२ सालीं कंपनीच्या प्रमुखांपुढें हीं कथानकें मांडण्यांत आलीं. त्यांचीं दोन कुळें होतीं. एका कुळांत तेलाच्या पुरवठ्याला मोठा धक्का बसतो. दुसऱ्या कुळांत सर्व कांहीं पूर्वीसारखेंच चालतें. वाक यांनीं दुसऱ्या कुळास खोटें म्हटलें नाहीं. तें खरें होण्यासाठीं एकाच वेळीं कोणते तीन चमत्कार घडावे लागतील, एवढेंच त्यांनीं दाखविलें : नव्या प्रदेशांत तेलाचे प्रचंड सांठे सांपडले पाहिजेत, उत्पादक देशांनीं स्वतःच्या हिताविरुद्ध तेल उपसत राहिलें पाहिजे, आणि युद्ध, अपघात किंवा अकल्पित मागणी यांपैकीं कांहींहि उद्भवतां कामा नये. ज्या भविष्यावर सर्वांची श्रद्धा होती तेंच सर्वांत असंभाव्य ठरलें.

१९७३ च्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस इजिप्त आणि सीरिया यांनीं इस्रायलवर हल्ला केला. १६ तारखेस इराणच्या आखातावरील देशांनीं तेलाचा जाहीर भाव सुमारें ७० टक्क्यांनीं वाढविला, आणि दुसऱ्याच दिवशीं अरब देशांनीं उत्पादन घटविण्याचा निर्णय घेतला. हॉलंडचें तेल तर बंदच करण्यांत आलें. तेथें नोव्हेंबरपासून रविवारीं मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई झाली. १९७४ च्या १ जानेवारीस सौदी अरबस्तानच्या तेलाचा जाहीर भाव ११.६५ डॉलर झाला. परदेशी तेलावर अवलंबून असलेल्या भारतालाहि या भाववाढीचा जबर तडाखा बसला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’ या जहाजानें मुंबईजवळच्या समुद्रांत तेल शोधून काढलें, तेव्हां त्या शोधाला इतकें महत्त्व आलें तें यामुळेंच.

शेलचें नांव या प्रसंगानें फार गाजलें. शुद्धीकरणाच्या नव्या कारखान्यांवरील खर्च तिनें इतर तेल-कंपन्यांच्या आधीं आवरला, आणि एरवीं ज्या बदलाला वर्षें लागलीं असतीं तो तिला लवकर साधला. परंतु येथें दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा कीं, वाक यांनीं तेलसंकटाचें भाकीत केलें. इजिप्तचें सैन्य सुएझ कालवा कोणत्या दिवशीं ओलांडणार हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि तसा त्यांचा दावाहि नव्हता. दुसरा गैरसमज असा कीं, भविष्य दिसलें आणि कंपनी शहाणी झाली. वस्तुतः पुष्कळ अधिकाऱ्यांनीं सर्व ऐकलें, मान डोलावली आणि जुन्याच हिशेबानें काम पुढें चालविलें. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन लेखांत वाक यांनीं हें मोकळेपणें सांगितलें आहे. कागदावरील कथानक कितीहि अचूक असलें तरी, निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनांतील जगाचा नकाशा जोंवर बदलत नाहीं तोंवर तें निरुपयोगी होय, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणूनच या विद्येंत तीन कथानकें मांडणें धोक्याचें मानतात. तीन मांडलीं कीं श्रोता मधलें उचलतो आणि पुन्हां निश्चिंत होतो.

मन बदलावयाचें तर कथानक दुसऱ्यानें सांगून भागत नाहीं. तें स्वतः रचावें लागतें. हा पुढचा धडा दक्षिण आफ्रिकेंत मिळाला, आणि तेथें पणाला लागला होता तो पैसा नव्हे, तर माणसांचे प्राण. १९९० च्या फेब्रुवारींत नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या बंदिवासांतून मुक्त झाले. वर्णभेदाची राजवट संपणार हें दिसत होतें. परंतु ती वाटाघाटींनीं संपेल कीं यादवी युद्धानें, हें कोणासच सांगतां येत नव्हतें. राजकीय हिंसाचारांत हजारों माणसें मरत होतीं. अशा काळांत, १९९१ आणि १९९२ या सालीं, केप टाउनपासून जवळच स्टेलेनबॉशच्या परिसरांत मॉन्ट फ्लर या ठिकाणीं २२ माणसें एकत्र बसलीं. वेस्टर्न केप विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर ल रू यांनीं हा मेळ जमविला होता, आणि चर्चा चालविण्यासाठीं शेलच्या भविष्यविभागांतून ॲडम कहाने आले होते. त्या २२ जणांत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते होते, गोरे उद्योजक होते, अभ्यासक होते. बाहेर ज्यांचे पक्ष एकमेकांशीं झगडत होते तीं माणसें येथें एकाच मेजाभोंवतीं बसलीं होतीं.

नियम एकच होता. काय व्हावें हें सांगावयाचें नाहीं. काय होऊं शकेल एवढेंच सांगावयाचें. या साध्या बंधनानें मोठें काम केलें. काय व्हावें यावर भांडण अटळ असतें. काय होऊं शकेल यावर शत्रूहि सहमत होऊं शकतात. आरंभीं निघालेल्या सुमारें ३० कथानकांपैकीं शेवटीं चार उरलीं. पहिलें शहामृगाचें : सरकार वाळूंत डोकें खुपसून बसतें आणि खरी तडजोड होतच नाहीं. दुसरें लंगड्या बदकाचें : तडजोड होते, पण हातपाय बांधलेलें दुबळें सरकार वर्षानुवर्षें रखडत राहतें. तिसरें इकॅरसचें : ग्रीक पुराणांतील मेणाच्या पंखांचा हा तरुण सूर्याजवळ जाऊन कोसळला, त्याप्रमाणें लोकांचें सरकार सर्व वचनें एकदम पुरीं करूं पाहतें आणि तिजोरी बुडवितें. चौथें रोहित पक्ष्यांचें : ते सावकाश उठतात, पण सारे मिळून उडतात. १९९२ सालीं हीं चार कथानकें वृत्तपत्राच्या पुरवणींतून देशापुढें आलीं, आणि सरकारपासून चळवळीच्या नेत्यांपर्यंत अनेक गटांना समक्ष ऐकविण्यांत आलीं.

यांतील इकॅरसचें कथानक विशेष महत्त्वाचें. गोऱ्या भांडवलदारांनीं तें सांगितलें असतें तर स्वार्थी ओरड म्हणून कोणी कान दिला नसता. तें सांगणारांत चळवळीचेच लोक होते. त्या मेजाभोंवतालचे ट्रेव्हर मॅन्युएल पुढें १९९६ पासून १३ वर्षें देशाचे अर्थमंत्री झाले, आणि टिटो म्बोवेनी १९९९ सालीं मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. १९९४ च्या एप्रिलांत सर्व वर्णांच्या नागरिकांनीं मतदान केलें. यादवी युद्ध टळलें. याचें श्रेय एका मेजाला देणें अर्थातच वेडेपणाचें होईल. वाटाघाटी करणारे, झीज सोसणारे आणि रस्त्यावर मरणारे लोक वेगळे होते. शिवाय या कथेला दुसरी बाजूहि आहे. १९९६ नंतर सरकारनें हात आंखडून खर्च केला. तिजोरी सांवरली, परंतु बेकारी आणि विषमता तशीच राहिली. इकॅरसच्या भयानें पंखच पसरले नाहींत, असें टीकाकार म्हणत आले आहेत. भविष्याचें कथानक धोका दाखवितें, तसें तें वाटहि अडवूं शकतें. म्हणून तें रचण्याच्या मेजावर कोण बसतो आणि कोण बसत नाहीं, हा प्रश्न लहान नाहीं.

या इतिहासाचें शेवटचें पान पुन्हां शेलचेंच आहे. १९८८ सालीं कंपनीच्या अंतर्गत उपयोगासाठीं हरितगृह-परिणामावर एक गोपनीय अहवाल तयार झाला होता. तो २०१८ सालीं जगापुढें आला. कोळसा, तेल आणि वायु जाळल्यानें हवेंत कर्बवायु सांठत आहे, त्यानें पृथ्वी तापेल, आणि ती तापल्याचें स्पष्टपणें मोजतां येईल तोंवर परिणामकारक उपाय करण्यास कदाचित् फार उशीर झालेला असेल, अशा आशयाचा इशारा त्यांत होता. गंगेच्या उगमाकडील पाऊस या माणसांनीं पुन्हां एकदां ओळखला होता. मात्र १९७३ सालीं भविष्य ओळखण्यांत कंपनीचा लाभ होता. या वेळीं तें ओळखून वागावयाचें तर ज्या धंद्यावर ती उभी होती त्यालाच हात लावावा लागला असता. अहवाल कपाटांत राहिला आणि तेलाचा धंदा पुढें चालला.

एवढ्या अनुभवानंतर या विद्येविषयीं काय म्हणावें ? ती भविष्य सांगत नाहीं. पडून गेलेला पाऊस आणि न पडलेला पाऊस यांतील भेद ती शिकविते. एकाच आंकड्यावर विसंबूं नये, ज्या सुखद चित्रावर सर्वांचें एकमत आहे त्याला किती चमत्कार लागतात तें मोजून पाहावें, आणि ज्यांच्याशीं आपलें पटत नाहीं त्यांनाहि मेजाशीं बसवावें, हें ती शिकविते. इतकें ज्या राष्ट्रानें किंवा संस्थेनें केलें तिला पूर्वतयारीस थोडा अवधि मिळतो. त्या अवधीचें काय करावयाचें हें मात्र कोणतीहि रीत सांगूं शकत नाहीं. त्या जुन्या गोष्टींतहि तें सांगितलेलें नाहीं. अनागतविधात्याचे कान कांहीं इतरांहून तीक्ष्ण नव्हते; कोळ्यांचें बोलणें तिन्ही माशांना सारखेंच ऐकूं आलें होतें.